खोल पाण्यातील ड्रिलिंग रायझरचे विश्लेषण कसे करावे

मुंबई हाय येथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. तेथे समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगवरून विहीर खोदता येते आणि बीओपी (विहिरीतील दाब उसळल्यास तिचे तोंड बंद करणारा झडपांचा संच) डेकखालीच हाताशी राहतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल भागात हे शक्य नसते. तेथे रिग तरंगती असते, बीओपी समुद्रतळावरील वेलहेडवर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरील जोडणीवर, बसतो आणि या दोहोंना जोडते ती साधारण २१ इंच बाह्य व्यासाची पोलादी नळी, म्हणजेच मरीन ड्रिलिंग रायझर. २०१३ साली ओएनजीसीसाठी भारताच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे ३,१०० मीटरहून अधिक खोल पाण्यात विहीर खोदली गेली. इतक्या लांबीची नळी स्वतःच्या वजनाखाली उभी राहू शकत नाही. तिला वरून सतत ओढून धरावे लागते. म्हणून विश्लेषणाची सुरुवात नेहमी वरच्या ताणापासून करावी.

येथे १,५०० मीटर पाण्यात डायनॅमिक पोझिशनिंगने, म्हणजे नांगराऐवजी संगणक-नियंत्रित प्रोपेलरांनी, जागेवर राहणाऱ्या ड्रिलशिपचे उदाहरण घेतले आहे. त्यातील आकडे समजुतीपुरते आहेत. हिशेबाची पद्धत मात्र अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) आरपी १६क्यू या शिफारशीतील आहे.

प्रथम माहिती गोळा करावी: प्रत्येक जॉइंटचे (ज्या तुकड्यांनी रायझर जोडला जातो, त्यांतील एकाचे) वजन, जहाजाचे लाटांना मिळणारे प्रतिसाद, वेलहेडखालील मातीची ताकद, मडच्या (विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या खोदकामाच्या जड द्रवाच्या) अपेक्षित घनता आणि खोलीनुसार प्रवाहाचा वेग. प्रवाहाच्या बाबतीत वार्षिक सरासरीवर विसंबू नये. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आधी उत्तरेकडे, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे विहीर कोणत्या महिन्यांत खोदायची आहे, हे विचारल्याशिवाय प्रवाहाचा आराखडा स्वीकारणे योग्य नाही.

आता किमान ताण काढावा. समजा, चोक व किल लाइन्ससह (बीओपीपर्यंत जाणाऱ्या उच्च दाबाच्या बाजूच्या नळ्यांसह) रायझरचे पाण्यातील वजन ६०० टन आहे आणि रायझरभोवती बसवलेले सिंटॅक्टिक फोमचे बॉयन्सी मॉड्यूल, म्हणजे हलके तरंगते ठोकळे, ५४० टन उचलतात. वरवर पाहता उरतात ६० टन. परंतु प्रत्यक्ष वजने काटेकोर मोजलेली नसतील, तर वजन ५ टक्क्यांनी वाढवावे आणि उचल ४ टक्क्यांनी कमी धरावी, असा संकेत आहे. तसे केल्यावर ६३० वजा ५१८, म्हणजे सुमारे ११२ टन येतात. दोन मोठ्या संख्यांच्या लहान फरकावर सारा हिशेब उभा असल्यामुळे मॉड्यूल प्रत्यक्ष तोलून घेण्याचा खर्च मला नेहमीच सार्थ वाटतो. यात मडचे जास्तीचे वजन मिळवावे. नळीच्या आतील क्षेत्रफळ ०.१९८ चौरस मीटर, मडची घनता घनमीटरला १,४४० किलो, समुद्राच्या पाण्याची १,०२५ किलो आणि मडचा स्तंभ पाण्याच्या पातळीच्या २५ मीटर वरपर्यंत धरला, तर हे वजन १३० टन भरते. एकूण झाले २४२ टन. रायझरला वरून ओढून धरणाऱ्या सहा टेन्शनरांपैकी एक अचानक निकामी झाला तरी ताण पुरला पाहिजे, आणि दोरी व चाकांतील घर्षणामुळे ९५ टक्केच ताण पोहोचतो असे मानावे. म्हणून २४२ ला ६ ने गुणून, ५ आणि ०.९५ यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर सुमारे ३०६ टन येते. हीच विहीर पुढे १,६८० किलोच्या मडने खोदायची झाली, तर किमान ताण ३९७ टनांवर जातो. एकच ताण ठरवून मोकळे होऊ नये; मडच्या प्रत्येक घनतेसाठी वेगळा आकडा देणारा तक्ता ड्रिलरच्या हाती असावा. उलट, गरजेपेक्षा फार जास्त ताण दिल्यास वेलहेडवरील भार वाढतो आणि रायझर सोडण्याची वेळ आली तर तो अधिक जोराने उसळतो.

यानंतर संगणकीय प्रतिमान उभारावे. रायझरचे वाकणे रोखणारा ताण म्हणजे नळीच्या भिंतीतील ताण नव्हे, तर आतील व बाहेरील द्रवाचा दाब हिशेबात घेऊन येणारा प्रभावी ताण (इफेक्टिव्ह टेन्शन), हे नवख्या अभियंत्याने आधी पक्के समजून घ्यावे. लाटा व प्रवाहाचे नळीवरील बल मॉरिसन समीकरणाने काढले जाते. वाकण्याचे मोठे बदल दोन्ही टोकांशी होत असल्याने फ्लेक्स जॉइंटजवळ (टोकांना थोडे कलू देणाऱ्या लवचीक सांध्याजवळ) प्रतिमानातील घटकांची लांबी कमी ठेवावी. खोदकाम चालू असताना खालच्या फ्लेक्स जॉइंटचा सरासरी कोन १ अंशाच्या आत राहावा, कारण त्यापुढे फिरणारा ड्रिल पाइप जॉइंटच्या आतील बाजूस घासू लागतो. कमाल कोन ४ अंशांच्या आत आणि कमाल प्रतिबल (पोलादातील दर क्षेत्रफळामागचे बल) यील्ड स्ट्रेंग्थच्या, म्हणजे ज्यापुढे पोलाद कायमचे वाकते त्या मर्यादेच्या, ०.६७ पटीच्या आत असावे.

प्रवाहामुळे रायझरमागे भोवरे सुटतात आणि नळी प्रवाहाला आडवी थरथरू लागते. या थरथरीची वारंवारता, प्रवाहाच्या वेगाला व्यासाने भागून सुमारे ०.२ ने गुणल्यास मिळते. सेकंदाला १ मीटर प्रवाहात १.३५ मीटर व्यासाचे मॉड्यूल लावलेला भाग साधारण पावणेसात सेकंदांनी हेलकावतो, तर उघडी नळी अडीच ते पावणेतीन सेकंदांनी. ही वारंवारता रायझरच्या एखाद्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर वेलहेड व कंडक्टरच्या (त्याखाली जमिनीत रोवलेल्या नळीच्या) सांध्यांचे आयुष्य झपाट्याने खर्च होते. अशा वेळी जोरदार प्रवाहाच्या पट्ट्यात फेअरिंग (भोवरे कमी करणारी निमुळती आवरणे) लावावेत किंवा उघड्या व मॉड्यूल लावलेल्या जॉइंट्सची आलटून पालटून मांडणी करून पाहावी.

सर्वाधिक काळजी ड्रिफ्ट-ऑफच्या, म्हणजे जहाज जागेवरून वाहून जाण्याच्या, विश्लेषणात घ्यावी. वीज गेली की जहाज वारा व प्रवाहासोबत वाहू लागते. १,५०० मीटर पाण्यात ते ९० मीटर सरकले, तर टेलिस्कोपिक जॉइंट (रायझरच्या वरच्या टोकाचा लांब-आखूड होणारा सांधा) केवळ २.७ मीटर उघडतो. ३०० मीटर पाण्यात तेवढ्याच सरकण्याने तो सुमारे १३ मीटर उघडतो. उथळ पाणी सोपे असते, हा समज येथे धोक्याचा ठरतो. फ्लेक्स जॉइंटचा कोन, टेलिस्कोपिक जॉइंटची उघडझाप, टेन्शनरचा स्ट्रोक आणि वेलहेडवरील वाकवणारे आघूर्ण यांपैकी कोणती मर्यादा आधी ओलांडली जाते, ते शोधावे. समजा ती वीज गेल्यापासून २१० व्या सेकंदाला येते आणि आणीबाणीत रायझर सोडण्याच्या क्रमाला ४५ सेकंद लागतात, तर बटण १६५ व्या सेकंदापर्यंत दाबलेच पाहिजे. त्या क्षणी जहाज जेथे असेल, ते विहिरीपासूनचे अंतर म्हणजे लाल वर्तुळाची, अर्थात रायझर सोडण्याच्या सीमेची, त्रिज्या. इशाऱ्याचे पिवळे वर्तुळ त्याच्या इतके आत घ्यावे, की माणसांना ड्रिल पाइप योग्य जागी आणून तयारी करता येईल.

शेवटी, सोडलेला रायझर जहाजाखाली लटकत असतानाचे विश्लेषण करावे. लांबी वाढते तसा त्याचा उभा नैसर्गिक दोलनकाळ लाटांच्या काळाकडे सरकतो. घट्ट टांगलेला रायझर तेव्हा जहाजासोबत आदळतो, आणि म्हणून टेन्शनरवर मऊ टांगण्याचा पर्यायही तपासावा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाचा इशारा आल्यावर रायझर वर काढावा लागतो. २७ मीटरचे सुमारे ५५ जॉइंट, तासाला तीन या गतीने, काढायला अठरा तासांहून अधिक वेळ लागेल; त्यात विहीर सुरक्षित करण्याचा वेळ मिळवून ते सर्व तास, जॉइंट हाताळता येतील अशी समुद्रस्थिती संपण्याच्या अंदाजित वेळेतून वजा करावेत आणि तो आकडा खोदकाम सुरू होण्यापूर्वीच रिगवर लिहून द्यावा.