लहान मुलांना घेऊन अंदमानला जाताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीतले आईबाबा मला आपापल्या अंदमान सहलीचा कार्यक्रम पाठवतात आणि ‘जरा नजर टाक ना’ म्हणतात. बरोबर तीन ते सहा वर्षांचं मूल असतं, आणि कार्यक्रम असा असतो की ते मूल घरी आजीकडे ठेवून निघालेत असं वाटावं. सहा दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग. रोज दोन किनारे. संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: एवढा खर्च करून जातोय, तर सगळं ‘कव्हर’ व्हायला नको का?

नको. चार वर्षांच्या मुलाला ओली वाळू, गुडघाभर पाणी आणि दुपारची झोप लागते. हे तीन सांभाळलं की बाकीचं आपोआप बसतं. ते मोडणाऱ्या ज्या चुका मी वर्षानुवर्षं बघते आहे, त्या इथे लिहिते. (हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरते.)

घरच्या घड्याळाने तिथला दिवस आखणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

अंदमान मुंबईच्या पूर्वेला साधारण वीस रेखांश आहे. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी डोक्यावर येतो. नोव्हेंबरात पोर्ट ब्लेअरला सव्वापाचला उजाडतं, अकराच्या सुमारास सूर्य माथ्यावर असतो आणि पाच वाजायच्या आतच मावळतो. मे महिन्यात तर पाचच्या आधीच लख्ख उजेड असतो आणि पावणेसहाच्या आत सूर्यास्त होतो.

हे आकडे वाचून लोक ‘हो, लवकर अंधार पडतो, ऐकलंय’ म्हणतात आणि कार्यक्रमात मात्र ‘दुपारी 4: राधानगर बीच’ (हा हॅवलॉकवरचा किनारा) तसंच राहतं. नाशिकच्या एका कुटुंबाचा कार्यक्रम मी पाहिला होता, त्यात हेच होतं. मी वेळ बदलायला सांगितली होती. त्यांच्या एजंटने ‘सगळे याच वेळेला जातात’ म्हणून ती तशीच ठेवली. दुपारी बोटीने हॅवलॉकला उतरले, जेवले, मुलगा झोपला. झोपलेल्या मुलाला उठवायचं जिवावर आलं. चहा झाला, गाडी आली आणि पाण्याशी पोचेपर्यंत साडेचार वाजून गेले होते. मुलाला सकाळपासून किल्ल्याचं आमिष दाखवलं होतं. त्याने बादली उपडी करून पहिला बुरूज उभा केला तेवढ्यात लाइफगार्डची शिट्टी वाजली, सगळ्यांना पाण्याबाहेर बोलावलं गेलं. त्यात वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावायला लागल्या, त्यांची वेळच ती. वीस मिनिटांत मुलाला रडत रडत गाडीत बसवावं लागलं.

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी झालं. काल राहिलं म्हणून नाश्ता करून, आवरून, सावकाश साडेदहाला पुन्हा किनाऱ्यावर. आपल्याकडे साडेदहाचं ऊन कोवळं नसलं तरी सोसवतं. तिथलं साडेदहाचं ऊन म्हणजे आपल्याकडचं जवळजवळ बाराचं. वारा गार, पाणी गार, त्यामुळे कातडी भाजते आहे हे मुलाला कळतच नाही. संध्याकाळी खांदे लालबुंद, अंगाला शर्टसुद्धा लागू देईना, रात्रभर किरकिर. पुढचे दोन दिवस खोलीत गेले.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. आईबाबांपैकी एकाने मनगटी घड्याळ तासभर पुढे करून टाकायचं आणि मुलाचं खाणं-झोपणं त्या घड्याळावर चालवायचं. बोट, विमान आणि हॉटेलच्या वेळांसाठी मोबाइल आहेच. उजेडामुळे मुलं तिथे तशीही पाच-साडेपाचला जागी होतात. त्यांना पुन्हा निजवण्याचा खटाटोप करू नका. सहाला वाळूत असा, साडेआठ-नऊला परत या. नऊ-सव्वानऊपासून दीडपर्यंत मूल सावलीत हवं, त्यावर तडजोड नको. दुसरा फेरा हवाच असेल तर अडीचला निघून चारच्या सुमारास पाण्याबाहेर.

‘पण हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होतो’ ही सबब मला दर वर्षी ऐकू येते. आदल्या रात्री केळी आणि ब्रेड मागून ठेवा, बरोबर खाकरा, राजगिऱ्याच्या वड्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या असू द्या. फुकटच्या बुफेपायी दिवसातला सगळ्यात चांगला वेळ हातचा घालवणं मला अजिबात पटत नाही.

बोटीच्या दिवशी आणखी काहीतरी ठेवणे

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हा प्रवास बोटीप्रमाणे दीड ते अडीच तासांचा. कार्यक्रमात तो एका ओळीत संपतो. प्रत्यक्षात सामान, जेटीवरची रांग, तपासणी, वाट बघणं आणि उतरल्यावर गाडी असा अर्धा दिवस जातो. ज्या दिवशी बोट आहे, त्या दिवशी बोट हाच कार्यक्रम समजा.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. गाडी लागणाऱ्या मुलाला बोट लागणार हे धरूनच चाला. औषध आणि त्याचं प्रमाण निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या आणि बोटीत चढण्याच्या आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर पाजलेलं औषध उलटीबरोबरच बाहेर पडतं. पोट गच्च भरलेलं नको आणि रिकामंही नको, कोरडं काहीतरी थोडंसं खाऊ घाला. बसायची जागा खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्याकडे घ्या, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. आणि कृपा करून मुलाच्या हातात मोबाइल देऊ नका. शांत बसावं म्हणून कार्टून लावून दिलं जातं आणि पंधराव्या मिनिटाला पिशवी शोधायची वेळ येते. खिडकीतून लांबची क्षितिजाची रेघ दाखवा, गोष्ट सांगा, झोपलं तर झोपू द्या.

भरती-ओहोटी न बघता किनारा निवडणे

कोकणात आजोळ असलेली माणसंसुद्धा इथे फसतात, याचं मला नवल वाटतं. घरी तिथीवरून भरतीची वेळ सांगतील, अंदमानला गेल्यावर मात्र कुठल्याही वेळी कुठल्याही किनाऱ्यावर जातील. मुंबई-रत्नागिरीचं तिथीचं गणित तिथे लागू पडत नाही, तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो. तो बघून मगच दिवस ठरवा. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे सोमवारी जमलेली वेळ शुक्रवारी जमेलच असं नाही.

नीलवरचा भरतपूर किनारा भरतीला मुलांसाठी छान, उथळ आणि संथ. ओहोटीला तिथे प्रवाळ आणि खडक उघडे पडतात, त्यावर अनवाणी चालणाऱ्या मुलाचे तळवे कापतात आणि प्रवाळही मोडतं. उलट नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो, पण तिथवरची वाट शेवाळलेल्या दगडांची आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कडेवर घेऊन ती चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोसाठी एकाने जाऊन यावं, दुसऱ्याने मुलाबरोबर वाळूत बसावं.

लहान मूल असेल तर माझं पहिलं मत नेहमी राधानगरला. लांबच लांब मऊ वाळू, खडक नाहीत, मागे झाडांची दाट सावली, कपडे बदलायची सोय, लाइफगार्ड. ‘एकाच किनाऱ्यावर दोनदा कशाला?’ असं मोठी माणसं विचारतात. मुलं दुसऱ्या दिवशी कालचा खड्डा शोधत धावतात.

शंख-शिंपल्यांचा खजिना बॅगेत भरणे

या चुकीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात रडतं ते मूल आणि चूक असते मोठ्यांची.

ठाण्याच्या एका कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी. तिने चार दिवस फिरून एका कापडी बटव्यात शंख, शिंपले आणि प्रवाळाचे पांढरे तुकडे साठवले होते. रात्री ती ते उशाशी घेऊन झोपायची. शाळेतल्या कोणत्या मैत्रिणीला कोणता द्यायचा हेही ठरलं होतं. परतीच्या दिवशी विमानतळावर तपासणीत बटवा बाहेर निघाला आणि ठेवून घेतला गेला. वडील वाद घालत राहिले, ‘अहो, किनाऱ्यावर पडलेलेच तर आहेत, मेलेलं प्रवाळ आहे.’ त्याने काहीच फरक पडत नाही. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा. मुलीला वाटलं की आपण चोरी केली. विमानात बसेपर्यंत ती ‘मी चोर नाही ना?’ असं विचारत होती.

पहिल्याच दिवशी मुलाला सांगून टाका: इथलं इथेच ठेवायचं. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात. मी सुचवते तो खेळ असा: दिवसभर हवे तेवढे शंख गोळा करायचे, वाळूवर मांडायचे, फोटो काढायचा आणि निघताना पाण्याकडे परत न्यायचे. मात्र गोळा करण्याआधी प्रत्येक शंख तळहातावर ठेवून थांबायचं. आधी काहीच होत नाही. मग कडेला बारीक केसासारखं काहीतरी हलतं, एक तांबूस पाय बाहेर येतो, मग दुसरा, आणि शंख चालायला लागतो. आत राहणारा खेकडा असतो. हॅवलॉकच्या किनाऱ्यांवर सकाळी हे पुष्कळ दिसतात. या एका गोष्टीत चार वर्षांचं मूल अर्धा तास सहज रमतं, आणि त्याला तिकीट लागत नाही. शिवाय शंख घरी नेला तर या खेकड्याचं घर जातं, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सेल्युलर जेल मुलाच्या झोपेच्या वेळी

मराठी घरातून अंदमानला गेलेल्या माणसाला सावरकरांची कोठडी बघायचीच असते, आणि बघावीच. पण लाइट अँड साउंड शो अंधार पडल्यावर असतो. पहाटे उठलेलं मूल तोवर पेंगुळलेलं असतं, वर अंधारात मोठमोठ्याने घुमणारे आवाज आणि छळाची वर्णनं. मूल घाबरतं, रडतं, आजूबाजूचे वैतागतात, आणि ज्यांनी आयुष्यभर ही जागा बघायची इच्छा धरली त्या आजीआजोबांना बाहेर यावं लागतं. शोला आजीआजोबांबरोबर आईबाबांपैकी एकाने जावं, दुसऱ्याने मुलाला निजवावं. मुलाला दिवसा न्या, मधल्या मनोऱ्यावर चढवा. 1906 मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात लांब इमारती मनोऱ्यापासून फुटलेल्या होत्या, आता तीनच उभ्या आहेत, त्या त्याला मोजू द्या. कोठडीत उभं राहून वरची छोटी खिडकी दाखवा आणि ‘इथे खूप दिवस एकटं राहावं लागायचं’ एवढंच सांगा. या वयाला तेवढं पुरतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बाराटांग: पहाटे तीन-चारला निघून तासन्‌तास गाडीत, शेवटी गुहा आणि मातीचा ज्वालामुखी. लहान मुलासाठी नको. रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो आणि ‘आदिवासी दिसतात का बघ’ म्हणत मुलाला खिडकीशी बसवलेलं मला अजिबात आवडत नाही.

फुगवायची रिंग: वारा जमिनीकडून समुद्राकडे असला की ती बघता बघता खोल पाण्यात जाते. नको म्हणजे नको. पाण्यात मूल असताना एका मोठ्या माणसाची ‘ड्युटी’ लावा. त्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं.

मगरीचा फलक दिसला तर तो खरा माना. 2010 मध्ये राधानगरजवळच्याच खडकाळ भागात मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला आहे. लाइफगार्ड असतील तिथेच पाण्यात उतरा, खाडीच्या तोंडाशी कधीच नको.

सनस्क्रीन किनाऱ्यावर पोचल्यावर लावू नका, खोलीतच लावा, आणि दर दोन तासांनी पुन्हा. त्याहून भरवसा पूर्ण बाह्यांच्या पोहण्याच्या शर्टावर ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली.

मुलाला स्कूबा करता येईल का, हे विचारू नका. दहा वर्षांच्या आत समुद्रातलं स्कूबा नाही. काचेच्या तळाची बोट आहे, तीही सकाळी आणि भरतीला.

जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेता येत नाही. दुधाची बाटली, खाऊचे डबे स्टीलचे घ्या.

मेमध्ये जात असाल तर पहिला पंधरवडा गाठा, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे मोसमी पाऊस पोचतो.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि त्या दिवशी हॅवलॉकला अडकलेल्यांचं विमान चुकतं. ‘सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडू, एक दिवस जास्त मिळेल’ हे गणित कोणीही मांडलं तरी मी तो कार्यक्रम दुरुस्त करून परत पाठवते.