जहाजावरच्या नाताळापुरतं तागालोग

आमच्या अमळनेर-चोपडा पट्ट्यातली पोरं आता जहाजावर जायला लागली आहेत. निघायच्या आधी विचारतात, "दादा, क्रू फिलिपिनो आहे, भाषेचं कसं?" काम इंग्रजीतच चालतं रे. पण त्यांचा नाताळ, म्हणजे पास्को, जवळ आला की मेसमध्ये नुसतं तागालोग, म्हणजे त्यांची भाषा. आणि तो जवळ येतो १ सप्टेंबरलाच! त्या दिवसापासून गाणी सुरू. म्हणून ऑगस्टमध्येच शिकायला घ्या.

पहिला शब्द 'पो'. मोठ्यांशी बोलताना तो वाक्यात आलाच पाहिजे: 'सालामात पो' म्हणजे आभारी आहे, 'ओपो' म्हणजे हो. आपण घरात आई-आजीला बिनधास्त 'तू' म्हणतो, म्हणून मुद्दाम सांगतोय. वयाने मोठ्या खलाशाला 'कुया' म्हणा, म्हणजे दादा.

शुभेच्छा 'मालिगायांग पास्को'. शेवटचा ग स्पष्ट म्हणायचा नाही, नाकातच सोडायचा. नव्या वर्षाला 'मानिगोंग बागोंग ताओन'. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं.

१६ ते २४ डिसेंबर, नऊ दिवस, त्यांच्या गावी भल्या पहाटे मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते: सिम्बांग गाबी. बाहेर येताना चर्चच्या दारातच बिबिंका आणि पुतो बुंबोंग खायचं. बिबिंका म्हणजे केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला तांदळाचा केक. त्यात अंडं असतं. पुतो बुंबोंग बांबूच्या नळीत वाफवलेला, जांभळा, वर किसलेलं खोबरं आणि गूळसाखर. शाकाहाऱ्यांनी हा मागावा.

२४ च्या मध्यरात्रीचं जेवण 'नोचे ब्वेना'. तिनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं, त्यामुळे सणाचे बरेच शब्द तिकडचे. ताटात हामोन येणारच, ते डुकराचं मांस. माळकरी घरातले असाल तर हे वाक्य घोकून ठेवा: 'हिंदी पो आको कुमाकाईन नांग बाबॉय', मी डुकराचं खात नाही. इथे 'हिंदी' म्हणजे 'नाही', दचकू नका. 'बाका' म्हणजे बीफ, 'मानोक' कोंबडी, 'गुलाय' भाजी. आग्रह आवरेना तर 'बुसोग ना पो आको', पोट भरलं.

मला सगळ्यात आवडतो तो पारोल, त्यांचा चांदणीचा आकाशकंदील. बांबूच्या पाच कामट्यांची एक चांदणी, तशाच दोन करायच्या. पाची टोकं एकमेकींना बांधायची आणि मधल्या सांध्यांत छोट्या काड्या अडकवायच्या, म्हणजे पोट फुगतं. वर पतंगाचा कागद, खाली दोन शेपट्या. आपल्या पोरांना हे हातखंडा काम. करून टांगलात की भाषा आपोआप सुटते.

केबिनच्या दारावर 'नामामास्को पो!' अशी आरोळी आली तर गाणी म्हणत पोस्त मागायला आलेत समजा. चॉकलेट द्या, नाहीतर 'पातावाद पो', माफ करा, म्हणून हसा.

३१ च्या रात्री मेजावर बारा गोल फळं लागतात, महिन्याला एक. आपली जळगावची केळी तिथे बाद! संत्री-सफरचंदं मात्र आधीच्या बंदरातच चीफ कुकला सांगून बाजूला काढून ठेवा. भर समुद्रात ती मिळत नाहीत.