घरातल्या भांड्यांवर प्रोजेक्टरचा उजेड बसवायचा कसा

डबे, वाट्या, मोडक्या वस्तू रचून त्यावर प्रोजेक्टरनं व्हिडिओ टाकायचा, असलं शिल्प करायचं म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो, आधी रचना पूर्ण करा मग उजेड टाका. साफ चुकीचाय हा सल्ला, आणि त्यापायी माझे दोन महिने गेलेत म्हणून ठामपणे सांगतोय. आधी उजेड, मग वस्तू. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघितला असेल तर लगेच पटेल. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, ढग किंवा बांधकाम आडवं आलं नाही तर मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येत पहिल्या दिवशी देवीच्या पायापर्यंत, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत जातात. ऊन आपल्या वाटेनं येतं, देऊळ त्या वाटेवर बांधलंय.

वस्तू कुठल्याही चालतात. मी दुधाची किटली, तेलाचे पत्र्याचे डबे, वाट्या आणि सायकलची एक रिम घेतली होती. टिम नोबल आणि स्यू वेबस्टर या ब्रिटिश कलाकारांनी १९९८ मध्ये आपल्याच सहा महिन्यांच्या कचऱ्याचा ढीग रचून त्यावर उजेड टाकला, आणि भिंतीवर सावली पडली ती पाठीला पाठ लावून बसलेल्या त्या दोघांची! तेव्हा महाग सामानाच्या मागं लागू नका.

सगळ्याला पांढरा मॅट स्प्रे मारा. ऑइल पेंट नको, चमकतो. चकचकीत स्टीलवर चित्र टिकतच नाही, उजेड सगळा दुसरीकडं उडतो. मात्र एक ताट मुद्दाम तसंच ठेवा, त्यावरनं उडालेला उजेड छतावर पाण्यासारखा हलतो आणि खोली भरल्यासारखी वाटते.

आता प्रोजेक्टर, सगळी मेख इथंच आहे.

टेबलावर ठेवू नका. आमचं जुनं घर, वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी, तिथं टेबलावर प्रोजेक्टर ठेवून मी किटलीच्या कडेवर रेघ अगदी तंतोतंत बसवायचो आणि सकाळी बघावं तर ती बोटभर सरकलेली, चार रात्री हेच चाललं, मला वाटायचं लॅपटॉपमध्येच काहीतरी गडबड आहे. पाचव्या रात्री कोणतरी जिना चढलं आणि डोळ्यादेखत अख्खं चित्र थरथरलं, मग कळलं, पायाखालच्या फळ्याच हलतायत. उद्यमनगरातनं लोखंडी अँगलचा ब्रॅकेट करून आणला, दगडी भिंतीत चार बोल्टनं ठोकला, तेव्हापासून रेघ हललेली नाही. ब्रॅकेटला पैसे घाला, प्रोजेक्टर जुना असला तरी चालेल.

ऑटो कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र प्रोजेक्टरनं आपोआप चौकोनी करायची सोय, बंद करा. चालू राहिलं तर लाईट जाऊन आली की तो आपल्या मनानं चित्र परत वाकडं करतो. आणि चालू केल्या केल्या कामाला लागू नका, अर्धा तास तापू द्या, तापल्यावर फोकस थोडा सरकतो. वस्तू पुढंमागं फार पसरवू नका, फोकस एकाच अंतरावर धारदार असतो, माझ्याकडं दहा फुटांवर फूटभर खोलीपर्यंत नीट दिसतं.

मग वस्तू एकेक करून उजेडात ठेवत जा आणि प्रत्येक वेळी लेन्सला डोळा लावल्यासारखं अगदी तिच्याशेजारी उभं राहून बघा. लेन्सच्या जागेवरनं बघितलं तर सावल्या वस्तूंमागं दडतात. खुर्चीत बसून बघाल तर किटलीच्या कडेला काळी पट्टी दिसेल आणि ती घालवायला उगाच रात्रभर रेघा सरकवत बसाल, ती जाणार नाही.

रेघा काढायला भारी सॉफ्टवेअर लागत नाही. चित्र काढायचा कुठलाही प्रोग्रॅम उघडा, काळं पान फुलस्क्रीन करा, पांढरा ब्रश घ्या आणि माऊस फिरवताना नजर स्क्रीनवर नको, किटलीवर ठेवा. पांढरा ठिपका कडेवरनं भिंतीवर सांडला की मागं घ्या. अशी पूर्ण कड फिरून आलात की आतला भाग भरा, तोच तुमचा साचा, व्हिडिओ त्याच्या आत बसवायचा. पहिल्यांदा किटलीची मूठ उजेडानं भरली आणि मागची भिंत अंधारीच राहिली ना, तेव्हा मी किती वेळ नुसता बघत उभा होतो.

प्रोजेक्टरचं काळं पूर्ण काळं नसतं, भिंतीवर मळकट चौकोन दिसतोच. तो अडवायला लेन्सपुढं वीतभर अंतरावर भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावा, हवेची जाळी सोडून.

व्हिडिओ साधा घ्या. रंकाळा तलावाचं संध्याकाळचं पाणी मोबाईलवर काढलेलं, बास.

सगळं जमलं की प्रत्येक भांड्याच्या बुडाभोवती पेन्सिलनं गोल काढा आणि मुठीची दिशा बाणानं दाखवा. आमच्याकडं झाडलोटीत किटली उचलली गेली, परत ठेवली ती मूठ उलटी करून, आणि मला सगळी कड नव्यानं काढावी लागली.