नायट्रिक ऑक्साइडवर प्रोजेक्ट घेताय? आधी कॅल्शियम कुठून येतं ते बघा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी ग्लुटामेट (चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन) रिसेप्टर आणि नायट्रिक ऑक्साइड (पेशींत संदेश नेणारा वायू) हा विषय घेतला आणि पहिले दोन महिने तो वायू दाखवणाऱ्या चाचणीत गुलाबी रंगाची वाट बघण्यात घालवले. यंदा पुण्यात हाच विषय घेणारे दोघंतिघं भेटले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून मी वहीत साखळी काढली होती. ग्लुटामेट, त्याचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर, त्यातून आत शिरणारं कॅल्शियम, कॅल्शियम धरणारं प्रथिन कॅल्मोड्युलिन, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन-नॉस हे एन्झाइम आणि शेवटी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड व सिट्रुलिन. साखळी बरोबर होती. १९८८ मध्ये गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी लहान मेंदूच्या पेशींवर काम करून हा धागा पकडला, १९९० मध्ये ब्रेड्ट आणि स्नायडर यांनी एन्झाइम वेगळं काढून त्याला कॅल्मोड्युलिन लागतं हे दाखवलं.

वही बघून आमच्या लॅबमधल्या सीनिअर ताईने एकच विचारलं, "कॅल्शियम तर व्होल्टेजवर उघडणाऱ्या चॅनलमधूनही येतं. मग एनएमडीएलाच एवढा मान का गं?" मला उत्तर येईना. तिने टपरीवर चहा घेता घेता बिलाच्या मागे चित्र काढलं. पीएसडी-९५ नावाचं प्रथिन एका हाताने रिसेप्टरची शेपटी धरतं, दुसऱ्या हाताने एन-नॉस. म्हणजे घागर अगदी नळाखालीच मांडलेली. घरात दुसरीकडे कितीही पाणी सांडलं तरी ही घागर तेवढी भरत नाही. १९९९ मधल्या एका प्रयोगात पीएसडी-९५ कमी केलं, तेव्हा एनएमडीएमुळे येणारं कॅल्शियम तेवढंच राहिलं, पण नायट्रिक ऑक्साइड घटलं आणि एनएमडीएच्या अति उत्तेजनाने एरवी मरणाऱ्या पेशीही कमी मेल्या. हा पेपर सगळ्यात आधी वाचा, माझ्यासारखा तिसऱ्या महिन्यात नको.

ग्लुटामेटच्याच दुसऱ्या रिसेप्टरला, एएमपीएला विसरू नका. विश्रांत अवस्थेत एनएमडीएच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. एएमपीएमुळे पेशीचा व्होल्टेज चढला की ते निघतं.

आता त्या गुलाबी रंगाबद्दल. नायट्रिक ऑक्साइडचं नायट्राइट बनतं; ते मोजायला मी ग्रीस अभिकर्मक वापरला, जो नायट्राइट असेल तर गुलाबी होतो. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये स्टँडर्डची (माहीत प्रमाणाच्या नायट्राइटची) रांग फिकट ते गडद गुलाबी अशी छान चढत जायची आणि माझ्या चेतापेशींच्या वेलमध्ये निव्वळ पाणी. पाच वेळा तेच. दोष हाताचा नव्हता. ग्रीस पद्धतीला मायक्रोमोलरच्या आसपास नायट्राइट लागतं, चेतापेशींतला संदेश नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी असतो. ज्या पेपरांमध्ये गुलाबी रंग झकास दिसतो, त्यांत बहुतेक वेळा मायक्रोग्लिया किंवा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी असतात. त्यांचं एन्झाइम वेगळं, ते तासन् तास वायू बनवत राहतं.

मग आम्ही सीजीएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू मोजायला घेतला, कारण नायट्रिक ऑक्साइड तो बनवणाऱ्या ग्वानिलिल सायक्लेज या एन्झाइमला जागं करतं आणि तिथे संदेश वाढून दिसतो. किट महाग आहे, गाइडशी आधीच बोला. मिठाच्या द्रावणातून मॅग्नेशियम काढलं, ग्लायसिन घातलं (ते सह-चालक आहे, सह-चालकाशिवाय एनएमडीए रिसेप्टर उघडत नाही) आणि सीजीएमपी मोडू नये म्हणून ते मोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज या एन्झाइमचा अवरोधक टाकला. पहिल्याच रविवारी आकडा चढलेला दिसला. एनएमडीए रिसेप्टर बंद करणारं एपीव्ही दिल्यावर उतरला, एन-नॉस अडवणारं एल-नेम दिल्यावरही उतरला. त्या दिवशी मी मेसचं जेवण चुकवलं आणि भूक लागल्याचं कळलंही नाही.

पिल्लांचा मेंदू लागणार असेल तर प्राणी-नीती समितीची परवानगी काढायला पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, बैठका रोज होत नाहीत. आणि एल-नेमबरोबर त्याचं निष्क्रिय भावंड डी-नेमही मागवा. मी मागवलं नव्हतं, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच आला.