कांदा-द्राक्षाच्या हंगामात पिकअपच्या फुग्यांत हवा किती ठेवावी?

डिसेंबरपासून सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. संक्रांत झाली की नान्नज, कासेगाव भागातली द्राक्षं निघायला लागतात. या दिवसांत घरची पिकअप पहाटे दीड टन माल घेऊन जाते आणि दुपारी रिकामी परत येते. मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) जोड म्हणून ज्यांनी हवेचे फुगे, म्हणजे एअर हेल्पर स्प्रिंग बसवले आहेत, त्यांची खरी अडचण याच येण्या-जाण्यात आहे. भरल्या गाडीला लागणारी हवा रिकाम्या गाडीला चालत नाही, आणि बहुतेक जण एकदा हवा भरली की हंगाम संपेपर्यंत तिला हात लावत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. फुगे बसवल्याने गाडीची वजन वाहण्याची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक, चेसिस सगळं तेच राहतं. आरसी बुकात भारासह वजनाचा जो आकडा आहे, तोच शेवटचा. मागून गाडी बसलेली दिसत नाही म्हणून दहा पोती जास्त टाकली, तर काट्यावर ती दिसतातच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. कांद्याच्या एका खेपेत तेवढे सुटतात का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

टेप घ्या, अंदाज नको

हवेचा आकडा शेजाऱ्याला विचारून भरू नका. त्याची गाडी, त्याचे पाटे, त्याचा माल वेगळा. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा. टायरमधली हवा आधी कंपनीने सांगितल्याइतकी करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं माप चुकतं. फुग्यांत किमान हवा ठेवून चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजा आणि केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग नेहमीसारखा माल भरा, पुन्हा मोजा. मागची बाजू किती बसली ते आता दिसेल, पुढची किती उचलली तेही दिसेल. पुढची उचलली की स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री मोहोळ-टेंभुर्णी रस्त्यावर आपला हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता पाच-पाच पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) हवा वाढवत जा आणि गाडी पुढे-मागे साधारण समपातळीत आली की थांबा. रिकामी पिकअप मुळातच मागून उंच असते. त्या उंचीपर्यंत परत नेण्याच्या मागे लागू नका. मागची बाजू बोटभर खाली राहिली तरी काही बिघडत नाही.

दीड टनी पिकअपला पाट्यांवर बसणाऱ्या फुग्यांसाठी साधारण असं जमतं: रिकाम्या गाडीला ५ ते १०, अर्ध्या मालाला २० ते ३५, पूर्ण मालाला ५० ते ७० पीएसआय. अशा बऱ्याच फुग्यांची कमाल मर्यादा १०० असते. गोल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या फुग्यांची मात्र बहुतेक वेळा ३५ च्या आसपासच. त्यामुळे आपल्या फुग्याचं पत्रक पाहिल्याशिवाय वरचा आकडा धरू नका. पूर्ण शून्यावरही ठेवू नका, फुगा दुमडतो, घासतो आणि फाटतो.

फुग्यात हवा फार थोडी मावते. पंक्चरवाल्याच्या मोठ्या कॉम्प्रेसरने दोन-तीन सेकंदांतही दाब कुठल्या कुठे जातो. हवा थोडी थोडी सोडायला सांगा किंवा सरळ हातपंप वापरा. गेज लावताना होणाऱ्या ‘फुस्स’नेही दोन-तीन पॉइंट कमी होतात, म्हणून तेवढी जास्त भरून मग तपासावी. तपासणी सकाळी, ऊन चढायच्या आधी करावी. सोलापूरच्या हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो आणि गेज तो दाखवतं.

माल उतरला की हवाही उतरवा

द्राक्षवाल्यांनी हे विशेष पाळावं. गरजेपेक्षा जास्त हवा असली की मागचं टोक कडक होतं, खड्ड्यातला प्रत्येक धक्का थेट पेटीत जातो आणि मणी देठापासून सुटतात. कांद्याला हे थोडंफार चालून जातं, डाळिंबाला आणि द्राक्षाला नाही. परतीला रिकाम्या गाडीत ६० हवा तशीच राहिली, तर मागची चाकं उड्या मारतात आणि जोरात ब्रेक दाबला की घसरतात. माल विकून हिशेबाची पट्टी हातात पडली की व्हॉल्व्हची टोपी काढा आणि हवा दहावर आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्रेकचा आणखी एक मुद्दा फिटरही सहसा सांगत नाहीत. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ वजनानुसार ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. अ‍ॅक्सल आणि चेसिसमधल्या अंतरावरून तो वजन ओळखतो. फुग्यांनी गाडी उचलून धरली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. फुगे बसवल्यावर हा व्हॉल्व्ह गॅरेजमध्ये तपासून घ्याच.

मागे ट्रेलर ओढत असाल, तर ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हूकवर यायला हवा, म्हणजे एक टनाच्या ट्रेलरचा १०० ते १५० किलो. तो अ‍ॅक्सलच्या मागे पडत असल्यामुळे पिकअपचं नाक जास्त उचलतं. ट्रेलर जोडून, हौद्यातला मालही भरून पुन्हा टेपने मोजा आणि मगच हवा ठरवा. ट्रेलर डोलत असेल तर आधी त्यातला माल पुढे सरकवा. हवा वाढवून डोलणं थांबत नाही.

उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे बागेला पिकअपवरून पाणी घालावं लागतं. लिटरला एक किलो धरा, वर टाकीचं वजन. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ओढते, म्हणून टाकी पूर्ण भरा किंवा आडव्या पडद्यांची घ्या.

दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह असलेले बरे. एकाच नळीने जोडलेले फुगे वळणावर एकमेकांकडे हवा ढकलतात आणि गाडी जास्त कलते. दोन्हीकडे सारखीच हवा असून एक बाजू खाली राहत असेल, तर पाट्याचं एखादं पान तुटलंय का ते आधी बघा.

रोज जाता-येता भरूनच फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीला माझ्या मते पाट्यात एक पान जादा टाकणंच बरं, त्याला देखभाल नाही. आठवड्यातून दोनदा बाजार आणि बाकी दिवस घरकाम, अशा गाडीला फुगे शोभतात. काळ्या रानातून आल्यावर फुग्याभोवतीचा चिखल, खडे आणि बाभळीचे काटे पाण्याने धुऊन काढा, नळी सायलेन्सरला चिकटलेली नाही ना ते पाहा, आणि पंधरा दिवसांतून एकदा जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासा. चाक बदलताना जॅक अ‍ॅक्सलखालीच लावा. चेसिसखाली लावला तर अ‍ॅक्सल लोंबतो आणि फुगा ताणला जातो.