केमोथेरपीनंतर ताप आल्यास काय करावे

केमोथेरपीनंतर साधारणपणे 7 ते 14 दिवसांनी न्यूट्रोफिल पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) सर्वांत कमी होतात आणि एरवी निरुपद्रवी असणारे जंतू, अगदी तोंडातील कॅन्डिडा बुरशीसुद्धा, याच काळात डोके वर काढतात. ताप तोंडात मोजावा, तोंड आले असल्यास काखेत. गुदद्वारात कधीही नाही. तो एकदाही 38.3 अंश सेल्सिअस भरला किंवा 38 अंशांवर तासभर टिकला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे आणि केमोथेरपीची तारीख पहिल्याच वाक्यात सांगावी, कारण प्रतिजैविक तासाभरात सुरू होणे महत्त्वाचे असते. पू दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पांढऱ्या पेशीच नसतील तर पू होणार कोठून? जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेली कोट्रायमॉक्साझोलसारखी (एक प्रतिजैविक) गोळी परस्पर बंद करू नये.