भिडेपोटी जामीन राहायचं नसेल तर

मंडळाची पावती, भिशीतला नंबर, पाहुण्यांना गाडीतून जोतिबाला नेणं... कोल्हापुरात सगळ्यालाच ‘चालतंय की’. बरंचसं चालतंही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं मात्र यात धरू नका. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १२८ नुसार वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यानं हप्ते थकवले की वसुली तुमच्या दारात.

‘नाही’ म्हणायची सुरुवात सोप्यापासून करा. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात लहान भीतीपासून पायरीपायरीनं वर चढायची पद्धत मांडली. आपल्याकडे पहिली पायरी म्हणजे आग्रहाचा पांढरा रस्सा नाकारणं. त्यापुढची अवघड : चप्पल लाईनीत (कोल्हापुरी चपलांच्या बाजारात) दहा जोड बघून काहीही न घेता उठायचं.

जामिनाची गोष्ट निघाली की जागच्या जागी होकार देऊ नका. “उद्या संध्याकाळी सांगतो,” एवढंच म्हणा आणि फोन आपणच करा. टाळाटाळ केलीत तर गडी फॉर्म घेऊनच येतो.

मधल्या वेळात स्वतःला विचारा : यानं बुडवले तर मी भरू शकेन का? आणि भरल्यावरही याच्याशी धड बोलेन का? दोन्हीला ‘हो’ असेल तर खुशाल सही करा.

नसेल तर आधी नकार, मग हवं तर एकच कारण. बहुतेकांची गाडी इथंच घसरते. “माझंच घराचं कर्ज आहे,” म्हटलं की “तुझा हप्ता किती?” सुरू होतं आणि तुमच्या प्रत्येक कारणावर तोडगा निघतो. बोलणं साधारण असं होईल :

“भावा, मी जामीन राहणार नाही.”
“अरं, एक सही तर पायजे! तुझ्याशिवाय कोण हाय मला?”
“हाय की मी. पण सही करणार नाही.”
“म्हंजे इस्वास नाही म्हण की!”
“तसं नाही रं. सही मात्र करणार नाही.”

वाक्य तेच, आवाजही तोच. मग गप्प बसा. खरी परीक्षा या शांततेतच असते, कारण ती सोसत नाही म्हणून आपण “बघू पुढं” म्हणून मोकळे होतो.

वडीलधाऱ्यांसमोर सूर बदला, उत्तर नको : “मामा, रागावू नका, पण मला जमणार नाही.” आणि कृपा करून “बायको नको म्हणते” असं तिच्या नावावर बिल फाडू नका. तुम्ही सुटाल, पण पाहुण्यांत वाईट ती होईल.

कागदपत्रं जुळवून द्यायची खरंच तयारी असेल तर तेवढं सुचवा. नकार गोड करायला उसने पैसे मात्र कबूल करू नका.

सही आधीच झाली असेल तर तोंडी ‘मी सुटलो’ म्हणून सुटका होत नाही. संस्थेकडे लेखी अर्ज करून कर्जखात्याचा उतारा मागा, हप्ते वेळेवर जातायत का बघा. जामीनदार बदलायचा तर कर्जदाराला दुसरा माणूस आणावा लागेल आणि संस्थेची लेखी मंजुरी घ्यावी लागेल.